बारा कोसांचा नकाशा

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपण म्हणतो
आणि चहाचा पुढचा घोट घेतो.
कलतूमा अरबाबने ते अंतर चालून मोजलं होतं.
दारफूरच्या पश्चिमेला, अकरा उन्हाळे,
कधी गाढवावर, कधी बाजाराच्या ट्रकच्या टपावर,
त्रेचाळीस गावं. प्रत्येक गावात तेच विचारणं:
विहिरीला काय म्हणता? शेळीच्या करडाला?
आईला हाक कशी मारता, लांबून?

म्हाताऱ्या हसायच्या. एवढी शिकलेली बाई
आणि आईला हाक मारायला शिकतेय.
पण सांगायच्या, टेपरेकॉर्डरला तोंड लावून,
बहिऱ्याशी बोलावं तसं.

मग भिंतीवर नकाशा चढला.
रेषेच्या अलीकडे आवाज ओठांवर फुटतो,
पलीकडे घशात किंचित अडखळतो.
रेषा जांभळ्या पेन्सिलीची,
कारण त्या दिवशी दुसरी सापडली नाही.

युद्धाच्या तिसऱ्या महिन्यात एक अधिकारी आला.
सभ्य. बूट दाराबाहेर झटकून.
नकाशासमोर उभ्या उभ्या त्याचा चहा निवला.
"नाक्यावर लोक गावाचं नाव खोटं सांगतात, डॉक्टर.
जीभ मात्र..."
पुढचं बोलला नाही. जांभळ्या रेषेवरून बोट फिरवलं,
कापडाचा पोत बघावा तसं.

कुलगुरूंचं परिपत्रक निघालं: विद्यापीठ तटस्थ आहे,
सहकार्याच्या विनंत्यांचा यथोचित विचार व्हावा.
त्याच आठवड्यात दूरच्या कुठल्याशा नियतकालिकाचं पत्र:
लेख मौलिक आहे; फक्त पारदर्शकतेसाठी
बोलणाऱ्यांची नावं, वयं, गावं जोडावीत.
दोन्हीकडे मुदत एकच, पंधरा तारीख.
हसू आलं तर हसून घ्या. ती हसली होती.

न आणि ण वरून माणसाला पायरी दाखवणारे आपण,
आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.
'पानी' म्हणणाऱ्या पोराकडे वर्ग वळला
तेव्हा माना वळल्या होत्या.
तिथे बंदुकीची नळी वळते.

तिने नकाशा जाळला नाही.
धूर दिसतो, आणि धूर म्हणजे कबुली.
खोडरबर घेतलं. त्रेचाळीस नावं.
खोटी नावं भरणं सोपं होतं, हात धजला नाही:
चुकीचं गाव हेही
कुणाचं तरी गाव असतंच.
मग कागद पालथा घालून त्यावर ती किटली ठेवू लागली.

संध्याकाळी एक तास सुरू झाला, वेळापत्रकात नसलेला.
सहा मुलं, एक मेणबत्ती,
आणि रेषेअलीकडचे उच्चार.
जो आवाज आयुष्यभर टिपून ठेवला
तोच गिळायला शिकवत होती.
"घसा सैल सोड, तिजानी. आईला आठवू नकोस.
आईमागोमाग तो आवाज येतो."

पाच जण सीमेपार पोचले.
तिजानीला नाक्यावर शिंक आली, म्हणतात,
आणि शिंकेपाठोपाठ माणूस जे बोलतो
ते घरचं असतं.

आता आद्रेची छावणी. पाण्यासाठी डब्यांची रांग.
पुढची बाई लेकीला हाक मारते, लांबून,
आणि कलतूमाला गाव कळतं,
वेशीसकट, विहीर कुठल्या अंगाला तेसुद्धा.
वही पिशवीत आहे. पेन्सिलही, जांभळीच.
ती डबा पायाने पुढे सरकवते.

बाई वळून विचारते, तू कुठली गं?
कलतूमा तोंड उघडते,
आणि इतके दिवस सैल सोडलेला घसा
किंचित अडखळतो.